बायाच्या शेळ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. जवळ या, पण नाक धरून; औषधाचा वास माझ्या अंगात मुरलाय, त्याला इलाज नाही. भाजे गावच्या रतनने मला बाजारातून आणलं तेव्हा मी पिवळाधमक होतो. पावट्यावर माव्याची कीड पडली की सारी आळी मलाच मागून न्यायची. "रतनचा पंप लय भारी," असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

फवारणी झाली की रतन मला ओढ्यात धुवायचा. सगळेच तिथे कपडे, भांडी, बैल धुतात. वाहत्या पाण्यात काय राहतंय, असा साऱ्यांचा समज. पण माघात ओढा वाहतो कुठे? नुसती डबकी उरतात. एकदा रतनने माझ्या पोटातलं उरलेलं औषध तशाच एका डबक्यात ओतलं.

ओढ्याच्या खालच्या अंगाला ठाकरवाडी आहे. तिथल्या बाया नावाच्या म्हातारीच्या दोन गाभण शेळ्या ते पाणी प्यायल्या आणि संध्याकाळपर्यंत मेल्या. त्या चारायला नेल्या होत्या तिच्या सुनेने, मंगलने. "काय बी चारलंस, म्हनून मेल्या!" बायाचा हा धोशा महिनाभर चालला. रतन वाटेने जाताना ऐकायचा. त्याच्या पाठीवरून मीही ऐकायचो. गप्प राहणं मला भाग होतं, त्याला नव्हतं.

पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना जीवहत्येच्या पहिल्याच शीलाला त्याची जीभ अडली. त्याने भन्तेजींना सगळं सांगितलं. घरी येऊन पडवीत बसला आणि त्यांचं उत्तर अनिताला, म्हणजे बायकोला, सांगू लागला.

"भन्तेजी म्हनले, पस्तावलास, बरं झालं. बुद्धाला शरण आहेसच. आता ज्याचं नुकसान केलंस त्याच्याम्होरं बोल, भरपाई कर आन् पुन्हा न्हाई करनार असा निश्चय धर. नुसत्या मेणबत्तीनं कर्म धुऊन निघत न्हाई."

"मग आपली गाभण शेळी न्या," अनिता म्हणाली.

सकाळी रतन शेळी घेऊन वाडीत गेला. पाठीवर मी होतोच.

"बाया मावशी, तुमच्या शेळ्या म्या मारल्या. ह्या पंपातलं औषध डबक्यात ओतलं. मंगलची काय बी चूक न्हाई."

बायाने शेळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग महिनाभर गप का ऱ्हायलास?"

"भ्यालो."

म्हातारी खाली बसली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "मंगल, मी बी चुकले गं." मंगल पदरात तोंड घालून रडली. शेळ्यांच्या बदल्यात शेळी आली, पण तिचा तो महिना कोण भरून देणार, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

आता माझं धुणं फवारलेल्या वावरातच होतं. मला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला रतन आधी बायाच्या शेळ्यांची हकीकत सांगतो आणि त्यात स्वतःचं नाव गाळत नाही. दर वेळी त्याची मान खाली जाते.

मित्रांनो, आम्हा पंपांना जरूर धुवा, पण ओढ्यापासून लांब. आणि हातून चूक झाली तर लगेच बोला. तुम्ही गप्प राहता तेवढे दिवस तुमच्या वाट्याची बोलणी कुणीतरी मंगल खात असते.