पाच माणसं, चार कामं आणि तलरेजा सर

ज्या वर्षी बदलापुरात मोठा पूर आला, त्याच वर्षीच्या जानेवारीतली ही गोष्ट. तेव्हा बेलवलीत आताइतक्या इमारती नव्हत्या. आमच्या ओट्यावर बसलं की नदीकाठची झाडं दिसायची आणि आमच्या ओट्यावर काय चाललंय ते अख्ख्या आळीला दिसायचं. त्यामुळे लपवायचं म्हटलं असतं तरी हे प्रकरण लपलं नसतं.

थोरल्या प्रमोदचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सून मैत्रेयी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय स्टॅटिस्टिक्स. लग्न ठरवतानाच आमच्या मालकांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की पोरीचं शिक्षण अर्धवट राहणार नाही. मालकांचं नाव धोंडिबा, पण घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही. अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. शाळा सातवीपर्यंत. पण घरात कोणी पुस्तक उघडलं की ते रेडिओ बंद करायचे, आणि पुस्तकात जे सांगितलंय ते घरात व्हायलाच पाहिजे, असा त्यांचा बाणा. पुढचं सगळं त्या बाण्यापायी झालं.

मैत्रेयीला शिकवायला तलरेजा नावाचे एक सर होते. उल्हासनगरचेच सिंधी, पन्नाशीचे, एकटे राहायचे. त्यांनी वर्गाला घरचा अभ्यास दिला. प्रत्येकाने आपल्या घरातलं खरं गणित मांडायचं. घरात माणसं किती, कामं किती, कोणाला कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. मग कोणतं काम कोणाला दिलं तर सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी लागेल, ते काढायचं. उत्तर आलं की आठवडाभर तसंच वागून दाखवायचं. तेव्हाच जर्नलवर सही, आणि सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. सरांचा एक नियम फार कडक होता: एकदा मोजलेला आकडा खोडायचा नाही.

जेवताना मैत्रेयीने आम्हाला हे समजावून सांगितलं. आमची सकाळची कामं चार. नळ येतो तेवढ्यात पाणी भरणं, डब्याच्या भाकऱ्या, कपडे, आणि स्टेशनजवळून दूध-भाजी आणणं. माणसं पाच. दादा, मी, प्रमोद, मैत्रेयी आणि धाकटा महेंद्र, जो तेव्हा मोबाइलच्या दुकानात लागला होता आणि घरात फक्त जेवायला यायचा. या पद्धतीला हंगेरियन म्हणतात असं ती म्हणाली, तेव्हा दादांनी विचारलं की हंगेरीत पाणी किती वाजता येतं.

मग ती म्हणाली, माणसं पाच आणि कामं चार असली तर एक खोटं काम धरायचं. त्याला डमी म्हणतात. ज्याच्या वाट्याला डमी येईल त्याने काहीच करायचं नाही.

ताटावर सगळ्यांचे हात थांबले.

"वहिनी," महेंद्र म्हणाला, "डमी कोणाला द्यायची ते कोण ठरवतं?"

"गणित ठरवतं."

"म्हणजे जो स्लो असेल त्याला?"

मैत्रेयी खोटं बोलणारी नव्हती. साधारण तसंच, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येक काम एकदा करायचं. महेंद्रने पहिली घागर भरली ती अशी, की जणू पाणी दुखावेल. नळ गेला तेव्हा त्याची दुसरी घागर अर्धी होती. उरलेलं त्याने शेजारच्या शीलाकडून वाटी-वाटीने मागून आणलं आणि मैत्रेयी घड्याळ हातात धरून त्याच्या मागे फिरली. प्रमोद एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला. दूध आणायला म्हणून गेला तो रिक्षा करून अंबरनाथला पालेगावात माझ्या बहिणीकडे चहा घेऊन, मग दूध घेऊन परत आला. विचारलं तर म्हणाला, पुस्तकात कुठे लिहिलंय की सरळ रस्त्याने जायचं. मैत्रेयीने नेसूच्या पदराने घाम पुसला आणि आकडा लिहिला.

दादांचं वेगळं होतं. त्यांना डमीची हाव नव्हती. ते जन्मात पहिल्यांदा भाकरी थापायला बसले आणि टूलरूममध्ये बसायचे तसे बसले. प्रत्येक भाकरी चारी बाजूंनी सारखी जाड आली पाहिजे म्हणून मापायचे, मोडायचे, पुन्हा थापायचे. दुपारी अंबरनाथची पहिली पाळी सुटायला आली तेव्हा त्यांची पहिली भाकरी तव्यावर पडली, असं आळीत अजून सांगतात. ते थोडं वाढवून सांगतात.

मलाही वाटलं होतं, आयुष्यात एकदा आपल्याला डमी मिळावी. मी ठरवून सावकाश बसले. पण हात ऐकेनात. मी मनात आकडे मोजून त्यांना थांबवायची, तेवढ्यात टोपली भरलेली. कपड्यांचंही तेच. सगळ्यात कमी वेळ माझा आणि मैत्रेयीचा आला. मग उत्तर काय यायचं ते आलंच. भाकऱ्या मला, कपडे मैत्रेयीला, पाणी प्रमोदला, दूध महेंद्रला आणि डमी दादांना. म्हणजे दादा निवृत्त झाल्यापासून जे करत होते तेच त्यांनी पुढेही करायचं होतं.

मैत्रेयी जर्नल घेऊन कॉलेजात गेली आणि डोळे सुजवून परत आली. तलरेजा सरांनी आकडे बघून जर्नल मिटून तिच्या हातात दिलं होतं. दहा भाकऱ्यांना एवढा वेळ कोणाला लागत नाही, दूध आणायला अर्धा दिवस लागत नाही, हे आकडे घरात बसून बनवलेत, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. तिने शपथ घेतली तेव्हा म्हणाले, रविवारी मी स्वतः येतो. डोळ्यांनी बघितलं तर मानेन, नाहीतर सही विसर.

त्या रात्री कोणी हसलं नाही. महेंद्र आणि प्रमोद खाली मान घालून बसले. दादा एवढंच म्हणाले, की मोजणीच्या दिवशी जेवढे हळू होतात तेवढेच आताही हळू व्हायचं. एक मिनिट लवकर नाही की उशिरा नाही. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे.

रविवारी सर आले. उंच माणूस, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. दादांनी जयभीम घातला, सरांनी हात जोडले आणि लगेच घड्याळ काढलं. पाहुण्यासमोर हळू काम करणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. महेंद्र लाजेने भरभर घागरी भरायला लागला, तर प्रमोद दबक्या आवाजात ओरडला, "अरे हळू, वहिनी नापास होईल." मग महेंद्र वाटी घेऊन शीलाकडे गेला. सर वाटीबरोबर गेले आणि वाटीबरोबर आले.

प्रमोदच्या दुधाला सर रिक्षात त्याच्या शेजारी बसून पालेगावला गेले. माझ्या बहिणीने दोघांना चहा दिला आणि हे गृहस्थ कोण म्हणून विचारलं. प्रमोद म्हणाला, हे माझी वेळ मोजतायत. तिला वाटलं, कंपनीने नवीन साहेब नेमला.

परत येऊन सर दादांसमोर पाटावर बसले. दादांनी पहिल्यासारखीच भाकरी थापली, मोडली, थापली. सरांना भूक लागली होती ते दिसत होतं. मी उठणार, तर मैत्रेयीने नजरेने मला बसवलं. शेवटी आकडा जवळजवळ जुळला तेव्हा सर कपाळ पुसत मला म्हणाले, "मावशी, ये तो सच निकला."

राहिली महेंद्रची कपडे धुण्याची पाळी. तो एकेक बटण वेगळं घासत होता. सर ओट्यावर उभे राहून बघत होते. एकट्या माणसाला सगळं स्वतः करायची सवय. बघवेना त्यांना. त्यांनी बाह्या वर केल्या, महेंद्रच्या हातातला ब्रश घेतला, "ऐसे नहीं, बाबा," म्हणाले आणि सगळ्या घराचा ढीग घासून, आपटून, पिळून दोरीवर टाकला. कॉलर अशी निघाली की शीला कुंपणाशी येऊन बघून गेली.

सर हात पुसतायत तोवर मैत्रेयी काहीतरी लिहीत होती.

"क्या लिखा?"

"तुमचा वेळ, सर. घड्याळ चालू होतं."

"मेरा क्यों? काट दो."

मैत्रेयीचा आवाज बारीक झाला, पण ती बोलली. "मोजलेला आकडा खोडायचा नाही, सर."

सरांनी बाह्या खाली केल्या. मग त्यांनी जर्नल मागून घेतलं, ओट्यावर बसले आणि नवीन कागदावर सहा माणसांचं गणित मांडलं. स्वतःच्या नावापुढे, जी कामं मोजली नव्हती तिथे, फुली मारली. आडव्या रेघा मारल्या, उभ्या रेघा मारल्या. उत्तर आलं. त्यांनी ते बघून कागद फिरवला, पुन्हा पहिल्यापासून सोडवलं. पुन्हा तेच आलं. भाकऱ्या मला, पाणी मैत्रेयीला, दूध महेंद्रला, कपडे तलरेजा सरांना. माणसं सहा म्हणून डमी दोन झाल्या. एक दादांना, एक प्रमोदला.

"कल से आता हूँ," सर म्हणाले.

आणि ते आले. कॉलेज भरायच्या आधी उल्हासनगरहून रोज सकाळी यायचे, शर्ट काढून खुंटीला लावायचे, बनियनवर आमचे कपडे धुवायचे. शीलाने मला हळूच विचारलं की त्यांना अजून एखादी सकाळ मोकळी आहे का. प्रमोद रात्रपाळीवरून येऊन ओट्यावर पेपर वाचत बसायचा आणि त्याच्यासमोर त्याच्या कंपनीचा तेलकट युनिफॉर्म प्रोफेसर घासायचे. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा बादली उचलायला गेले तर मैत्रेयी धावत आली. "आई, हात लावू नका. उत्तर मोडेल. सही होणार नाही." प्रमोद तर पेपरची तीच बाजू आठवडाभर वाचत होता. बायकोची परीक्षा म्हणून बिचाऱ्याला बसावं लागत होतं.

शेवटच्या दिवशी दादांना राहवलं नाही. आपण डमी म्हणून बसायचं आणि शिकवणाऱ्या माणसाने आपले पायजमे धुवायचे, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मी उठले तेव्हा दोरीवर सगळे कपडे वाळत घातलेले, आणि दादा त्यांच्यासमोर समाधानाने उभे.

मैत्रेयी बाहेर आली आणि तिने दोरी बघितली. रडली नाही. नुसती म्हणाली, "दादा, आजचाच दिवस उरला होता."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांची यायची वेळ झालेली. त्यांनी दोरीवरचे कपडे काढले. कुंडीतली माती आणली, तव्याची काजळी आणली, सायकलच्या चेनचं तेल आणलं, आणि चष्मा लावून मळवायला बसले. महेंद्र म्हणाला, दादा, कसेही फासा ना. पण दादा ऐकणारे नव्हते. प्रमोदच्या उजव्या बाहीचा डाग उजव्या बाहीला, तेवढाच, त्याच उंचीवर. माझ्या पदराची हळद पदराला. कुठला डाग कुठे होता ते धुताना त्यांच्या लक्षात राहिलं होतं. ते शेवटच्या पायजम्याच्या गुडघ्याला माती लावत होते, तेव्हा फाटक वाजलं.

सर बसले, धुवायला लागले. दोन कपडे झाले आणि थांबले. युनिफॉर्म नाकाशी नेला.

"दादा, ह्याला साबणाचा वास येतोय."

मैत्रेयी भिंतीला टेकून उभी होती, जर्नल छातीशी धरलेलं. दादा चष्मा काढून पुढे आले.

"सर, चूक माझी. मी सकाळी सगळे धुतले होते. मग पुन्हा मळवले."

"कैसे मळवले?"

"होते तसे."

सरांनी बाही उलगडली. रोज त्याच जागी डाग पडायचे, धुऊन धुऊन त्यांनाही ते पाठ झाले होते. त्यांनी तेलाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग दुसरी बाही, मग पायजम्याचा गुडघा. माझ्या पदराची हळदही बघितली.

"इतकंच होतं," ते म्हणाले. "ना कम, ना ज़्यादा. काम वही है तो उत्तर वही है."

त्यांनी उरलेले कपडे घासले. आज वेळ जास्त लागला, तो मैत्रेयीला लिहायला लावला. मग हात तसेच ओले, म्हणून जर्नल तिने धरलं आणि त्यांनी दोन बोटांत पेन पकडून सही केली. सहीखाली थेंब पडला, तो तिने फुंकून वाळवला.

सरांनी अजून पेन खिशाला लावलं नव्हतं, तोवर प्रमोद पेपर टाकून उठला आणि त्याने पिळायची बादली त्यांच्या पुढून ओढून घेतली. महेंद्र दोरीकडे धावला. मी सरांना हात धुवायला पाणी दिलं आणि पान वाढायला आत गेले.