ताईने काढलेला आकडा

ताईने काढलेला आकडा शंभर कोटींचा होता. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा आकडा घेऊन मी बँकेत कोणत्या तोंडाने जाऊ?"

आता ताई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. मोबाइल टॉवरवरची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत कंत्राटांचे अंदाज तीच काढायची. अँटेना किती, बॅटऱ्या किती, त्यातलं बिघडणार किती, सगळं तिला तोंडपाठ. तिचा धाकटा भाऊ खाली शेडमध्ये यंत्रांच्या पेट्या जोडायचा, आणि तो ताई म्हणतो म्हणून ती साऱ्या कारखान्याचीच ताई झाली होती.

या कंत्राटाची गोम अशी, की फोन कंपनीने फक्त दर ठरवून घेतले होते. लागेल तेव्हा, लागेल तेवढा माल मागवू. नाही लागला तर नाही मागवणार. सगळे जुने टॉवर बदलायचे म्हटले तर तीनशे कोटी. पण त्यांच्याच डोक्यावर कर्जाचा डोंगर, ते कुठले बदलतायत! शंभरपर्यंत मजल गेली तरी देव पावला म्हणायचं.

"तीनशे खोटं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"खोटं नाही साहेब, पण खरंही नाही."

"मग पेपरात तेच छापू. आणि हा शंभराचा कागद ज्या दिवशी या खोलीबाहेर जाईल, त्या दिवशी तुम्हीही जाल. घरीसुद्धा बोलायचं नाही."

घराचा हप्ता तिच्या पगारातून जायचा, आईची औषधंही. ताई मुकाट्याने उठली.

पेपरात तीनशे कोटींची बातमी आली आणि शेडमध्ये नुसता जल्लोष झाला. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं कुणी नवी गाडी ठरवली, कुणी मुलीचं लग्न. भाऊ पेपर नाचवतच घरी आला. "आई, बघ तुझ्या लेकीचा आकडा!"

त्याला एका लिफ्टच्या कारखान्यात नोकरी चालून आली होती. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. जेवताना तो म्हणाला, "ताई, मी त्यांना नाही म्हणून कळवतोय. इथं एवढं काम दारात आलंय, तिकडे कोण जातंय लिफ्टचे दरवाजे ठोकायला! बरोबर ना?"

ताईने हातातला घास परत ताटात ठेवला. बोल ना गं बाई! आईसमोर नको, तर जिन्यात बोलाव त्याला. पण या पठ्ठ्याच्या पोटात काही राहायचं नाही. आज कळलं की उद्या सकाळी शेडला कळणार आणि दुपारी साहेबांना.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," एवढंच ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी!" तो हसला. "हातचं काम सोडून कशाला जायचं?"

ताई पाणी प्यायली आणि ताट उचलून आत गेली.

पहिली ऑर्डर बरी आली. दुसरी तिच्याहून लहान. मग नुसत्या केबलची, आणि पुढे तीही नाही. वर्ष सरायच्या आत शेडमधली निम्मी माणसं कमी केली, त्यात भाऊही होता. लिफ्टवाल्यांची जागा केव्हाच भरली होती. त्यांनी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. ताईच्या नोकरीला मात्र धक्का लागला नाही.

कमी केलेल्यांचा शेवटचा पगार होता त्या दिवशी ताई वरच्या ऑफिसातून जिना उतरत होती. खाली रांग लागली होती. एक म्हातारा फिटर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आपल्यालाच काय ते ठाऊक नव्हतं. आकडा काढणाऱ्यांना ठाऊक नसेल होय?"

भाऊ रांग सोडून पुढे झाला. आई गं, कसा लाल झाला होता! "काका, वयाकडे बघून सोडतोय तुम्हाला. सख्खा भाऊ आहे मी तिचा. तिला माहीत असतं, तर तिने मला सांगितलं नसतं का?"

फिटरने मान खाली घातली. "तेही खरंच म्हणा," तो पुटपुटला. "चुकलं माझं, ताई."

सगळी रांग तिच्याकडे बघत होती. भाऊही वळला होता, तिने हो म्हणावं म्हणून थांबला होता. ताईने कठडा घट्ट धरला आणि मान डोलावली.