सुईएवढं भोक

गॅरेज बंद पडलं आणि जावई बायकोच्या माहेरी राहायला आला, त्या दिवसापासून सासऱ्याला घरबसल्या करमणूक मिळाली. सासऱ्याची रोपवाटिका होती. दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. प्रत्येकाला रोपासोबत एक विनोद फुकट. "माझ्याकडे पिणारे दोघंच," सासरा म्हणायचा, "एक ट्रॅक्टर, एक जावई. एक तेल पितो, एक चहा. कामाच्या नावानं दोघांचीही बोंब." गिऱ्हाईक हसायचं. जावईही हसायचा, कारण नाही हसला तर सासरा तोच विनोद पुन्हा सांगायचा.

ट्रॅक्टर मात्र खरंच तेल पीत होता. लहानसा, वाफ्यांमधून सहज वळणारा, पुढे माती उचलायचं सुपडं. ते सुपडं वर-खाली करणारं हायड्रॉलिकचं तेल कुठूनतरी झिरपायचं आणि सकाळी शेडच्या फरशीवर थारोळं साचलेलं असायचं. जावयानं इंजिन बंद करून, सुपडं जमिनीला टेकवून, सगळे सांधे डिझेलनं धुऊन काढले. एका सांध्यातलं रबरी कडं चिरलं होतं, ते बदललं. गळती कमी झाली, थांबली नाही.

"पाइप झिजलेत, मामा. सगळे बदलून टाकू."

"आधी तुला बदलतो," सासरा म्हणाला.

मग जावयानं खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडला. इंजिन चालू ठेवून, सुपडं उचलून, लांबूनच तो पुठ्ठा पाइपाच्या कडेनं फिरवू लागला. जिथे भोक असेल तिथे पुठ्ठ्यावर ओला डाग उमटणार होता. तेवढ्यात सासरा आला, मागे दोन गिऱ्हाइकं.

"बघा, बघा! ट्रॅक्टरला उकडतंय म्हणून जावईबापू वारा घालतायत!"

"मामा, हात लावायचा नसतो. भोक सुईएवढं असलं तरी तेल कातडीतून आत—"

"अरे, माझा जन्म गेला यंत्रांत! बाईमाणसासारखा काय भितोस?" सासऱ्यानं पुठ्ठा हिसकावून फेकला. "चढ वर. सुपड्याचा दांडा ओढून धर."

जावई सीटवर बसला. सुपडं पार वर गेलं, इंजिन कण्हायला लागलं, पाइप दगडासारखे ताठ झाले. सासऱ्यानं उघडा पंजा पाइपावरून सावकाश सरकवत नेला. गिऱ्हाइकं बघत होती. दांडा सोडला असता तर पाइपातल्या तेलाचा सगळा जोर तिथल्या तिथे उतरला असता. जावयाला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं दांडा आणखी घट्ट धरला.

"हाय! काहीतरी टोचलं," सासरा म्हणाला आणि हात झटकला.

जावई इंजिन बंद करून खाली उतरला. सासऱ्याच्या तर्जनीच्या मुळाशी मोहरीएवढा लाल ठिपका होता. रक्ताचा थेंबही नाही. गॅरेजात असताना एका कारागिराच्या तळव्यावर त्यानं असाच ठिपका पाहिला होता. त्याला लगेच उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, म्हणून त्याचा हात वाचला होता.

"काय आहे रे?"

"काही नाही, मामा. पाइपातली तार टोचली असेल."

"आणि म्हणे हात लावायचा नसतो!" सासरा गिऱ्हाइकांकडे वळून हसला. गिऱ्हाइकंही हसली. या खेपेला जावईही मनापासून हसला.

दुपारी सासरा पोटभर जेवला आणि झोपला. उठला तेव्हा बोट लाकडासारखं कडक झालं होतं. संध्याकाळी पंजा फुगून काळानिळा पडला आणि सासरा लहान मुलासारखा रडायला लागला. बायको घाबरली. "तारेनं एवढं होतं का हो?" जावई म्हणाला, "सकाळपर्यंत उतरेल." तिनं त्याचं ऐकलं नाही. शेजाऱ्याची गाडी काढायला लावून बापाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "लगेच का नाही आणलंत?" तेल आत पसरून मांस सडवत गेलं होतं. आधी बोट गेलं. मग मनगटापासून पंजा गेला. उजवा.

दवाखान्याच्या जिन्यात बायकोनं त्याला गाठलं.

"मागे मी तो पाइप पुसायला गेले, तेव्हा माझा हात केवढ्या जोरात ओढलात. दोन दिवस वळ होता. आणि बाबांना म्हणालात तार टोचली?"

जावई जिना उतरू लागला, तशी ती आडवी आली.

"बाबांना मी सांगणार नाही," ती म्हणाली. "सांगितलं तर ते तुम्हाला हाकलतील आणि तुम्ही सुटाल. तुम्ही इथेच राहायचं. त्यांचं सगळं तुम्ही करायचं. सगळं."

सासरा घरी आला. नवे पाइप बसले, ट्रॅक्टरखालची फरशी कोरडी ठणठणीत झाली. जावई रोज सकाळी सासऱ्याला अंघोळ घालतो, धुतो, पुसतो, घास भरवतो. बायको दारात उभी राहून बघते आणि त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही. सासऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही. जावई खाली वाकून त्याच्या सदऱ्याची बटणं लावू लागला की तो गिऱ्हाइकांना हाक मारतो आणि म्हणतो, "बघा, शेवटी एक काम जमलं गड्याला!"