भाचीला डोक्याचे चार

हॉकीतलं डोकं कोणाला किती, या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं टेलर मास्तर अकरा वर्षं धरून चालले होते. त्यांना कोणी खोडून काढलं नाही, तिथेच सगळं बिघडलं. मुलींच्या संघाचे शर्ट त्यांच्याच दुकानात शिवले जात. मापाच्या वहीत प्रत्येक खेळाडूचं एक पान होतं. छाती, खांदा, उंची, आणि त्याखाली मास्तरांनी आपल्या मनानं घातलेली चौथी ओळ: डोकं, दहापैकी. दर सामन्यानंतर जुना आकडा खोडून नवा घातला जाई. शर्टाचं माप एक वेळ चुकेल पण हे चुकणार नाही, असं ते तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत.

नऊ नंबरच्या लांबटांगीला डोक्याचे नऊ होते, कारण दर दोन गोलांमागे एक तिचा असे. सात नंबरला मात्र चार. ही सात नंबर म्हणजे मास्तरांची सख्खी भाची. घरची म्हणून तिचे गुण कापले होते असं कोणी समजू नये. मास्तरांचं ते प्रामाणिक मत होतं. बॉल डावीकडे असला की ही कार्टी उजवीकडे पळत सुटायची. हात वर करून बॉल मागायची, आणि तो आला नाही तरी तिला त्याचं काही वाटायचं नाही. सामन्याभरात तिच्या स्टिकला बॉल लागायचा आठ-दहा वेळा. बहिणीला काय सांगणार, म्हणून मास्तर घरी हॉकीचा विषयच काढत नसत. पोरगी गुणी होती, पण वरचा मजला रिकामा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी नवे कोच आले. मोठ्या संघाच्या शिबिरासाठी पुढच्या फळीतल्या एकाच मुलीचं नाव त्यांना पाठवायचं होतं. वयाच्या अटीमुळे भाचीला ही शेवटची संधी होती. कोचनी सरळ दुकानात येऊन मास्तरांची वही मागितली. अकरा वर्षं एकही सामना न चुकवलेला माणूस दुसरा कुठे मिळणार? त्यांनी नऊ आणि चार हे दोन आकडे पाहिले, आणि त्या आठवड्याच्या सामन्यात भाचीला बाकावर बसवून लांबटांगीला मोकळं मैदान दिलं.

आणि त्या सामन्यात लांबटांगी हरवली. दुसरा शब्द नाही. बॉल तिच्याकडे यायचा, पण तो वळवायच्या आत समोरच्या दोघी तिच्या अंगावर असायच्या. वहीत डोक्याचे आठ असलेल्या दोघी, सात असलेल्या तिघी, सगळ्या एकमेकींच्या पायात आल्या. तीन गोलांनी हार झाली. मास्तरांनी वही उघडली आणि पेन तसंच धरून बसले. नवाच्या डोक्याला रातोरात झालं काय? ताप होता का? शर्ट तंग पडला का? शेवटी त्यांनी खरोखरच तिच्या खांद्याचं माप पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं.

सोमवारी दुपारी भाची दुकानात आली. मास्तरांनी न राहवून तिला विचारलं, की परवा असं कसं झालं. तिनं डब्यातून मूठभर बटणं घेतली आणि कापडाच्या मेजावर मांडली. पांढरी समोरच्यांची, काळं एक तिचं, लाल लांबटांगीचं. काळं बटण तिनं उजव्या कडेला सरकवलं, आणि त्याच्यामागोमाग दोन पांढरी. मध्ये लालसमोर हातभर जागा मोकळी झाली.

"बॉल मला नकोच असतो," ती म्हणाली. "मागते, म्हणून त्या माझ्यामागे येतात."

मास्तरांनी बटणं परत जागेवर ठेवली, स्वतः सरकवून पाहिली, आणखी एकदा पाहिली. मग त्यांनी धीर करून वहीतलं तिचं पान तिच्यापुढे केलं. तिनं ते बराच वेळ वाचलं.

"तू घरी कधी काही बोलायचा नाहीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, बाकी कोणाला नाही तरी मामाला दिसतंय."

ती गेल्यावर मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ते कोचकडे गेले आणि वही चुकीची आहे म्हणाले. मग आता सातला किती लिहायचे, असं कोचनी विचारलं. मास्तरांना सांगता येईना. लांबटांगीचे नऊ तरी खरे का? त्यातले किती तिचे आणि किती भाचीचे, हेही कळेना.

"मी तिला बघितलंच नाही हो," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी नुसता बॉल बघत आलो."

कोचनी नाव अजून पाठवलं नव्हतं. शनिवारी भाचीला खेळवतो, तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि तिच्यावरची नजर हलवू नका, एवढंच ते म्हणाले.

शनिवारी मास्तर बॉलकडे न बघता बसले. फार अवघड होतं ते. मान आपोआप वळायची आणि ते ती हातानं धरल्यासारखी परत आणायचे. भाची पळायची, थांबायची, हात वर करायची, पुन्हा पळायची. तिसऱ्या सत्रात ती पार कडेला गेली, दोघींना ओढत, आणि तिसरीही तिकडे धावली. एवढ्यात सगळं मैदान ओरडत उभं राहिलं.

"कोणी केला?" मास्तरांनी विचारलं.

"लांबटांगीनं. समोर कोणीच नव्हतं तिच्या."

"सगळ्या इकडे होत्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवलं. कोच तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातला शिबिराचा कागद मांडीवर घेतला आणि त्यावर सातचा आकडा लिहिला.

बाकीच्या सगळ्या जणी लांबटांगीला मिठी मारायला धावल्या होत्या. भाची कडेलाच उभी होती, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. ती मास्तरांच्या जागेकडे पाहत होती. दर गोलानंतर ती असंच पाहत आली असणार, आणि दर वेळी मामा दुसरीकडेच बघत असणार. आज त्यानं हात वर केला.