पांढऱ्या बर्फाच्या पिशव्या

बर्फ लाल करणाऱ्या शेवाळावर पाच देशांतल्या प्रयोगशाळा मिळून काम करत होत्या. डोंगरावरच्या तळावरून धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा ती आपल्या प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होती.

"ताई, लाल बर्फाच्या सगळ्या पिशव्या भरल्या."

"आणि शेजारच्या पांढऱ्या बर्फाच्या?"

"त्यात काय असतं? नुसतं पाणी! म्हटलं, तेवढंच ओझं कमी."

"अरे शहाण्या, पांढऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय लालात वेगळं काय ते कळणार कसं?"

तो वरमला. "मग आत्ताच परत वर जातो. उद्यापर्यंत तो बर्फ टिकायचा नाही."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे खाली गेलेत."

ती खिडकीशी गेली, परत टेबलाशी आली. उन्हानं उतारावरचा बर्फ भुसभुशीत झाला असणार, पायाखालून कधीही सुटेल असा. पांढरा बर्फ नाही, म्हणजे यंदा त्यांचा डोंगर अभ्यासातून बाद. इतर चार प्रयोगशाळांना ते तिलाच सांगावं लागणार होतं.

"बूट काढ," ती म्हणाली.

"अगं, पण…"

"काढलास?"

"एक काढला."

"दुसराही काढ."

तो काढल्याचा आवाज येईपर्यंत तिनं फोन कानापासून हलवला नाही.