सव्वीसांत चौथा

"परत मोज," एल्डन रोझबूम म्हणाला.

"तीनदा मोजलंय, बाबा. शाळेत गणितच शिकवते मी."

"मग त्या पुस्तकात चूक असेल."

लॉनाने कागद बापापुढे सरकवला. गावच्या वाचनालयात जुन्या खेळाडूंचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी ती जुन्या नोंदींच्या पुस्तकातून त्याच्या नऊ वर्षांच्या बेसबॉलचे आकडे काढायला बसली आणि सहज म्हणून तिने त्याच वर्षांत खेळलेल्या बाकीच्या कॅचरांचे, म्हणजे त्याच्यासारख्या मागे बसून चेंडू अडवणाऱ्यांचे आकडेही शेजारी मांडले. सव्वीस नावं झाली. फटके मारण्यात एल्डन चौथा.

एल्डनच्या हातातला कॉफीचा कप अधांतरीच राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांत स्वतःबद्दल एकच गोष्ट त्याने खात्रीने मानली होती. आपल्याला चेंडू अडवता येतो, मारता येत नाही. फटके मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसून त्याने हजारो चेंडू अडवले होते, उजव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी करून घेतली होती. पण बॅट घेऊन उभं राहायची पाळी आली, की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दर मोसमाच्या सुरुवातीला कोच हॉइट बास्कम खेळाडूंच्या खोलीच्या दारावर संघाची यादी चिकटवायचा, गेल्या वर्षीच्या फटक्यांच्या क्रमाने. एल्डन कायम तळाला. "रोझबूम, तुझ्या बॅटीपेक्षा माझ्या आजीची छत्री बरी," एवढंच बास्कम म्हणायचा. सगळे हसायचे, एल्डनसुद्धा. एकतिसाव्या वर्षी तो आपणहून बास्कमकडे गेला, 'संघाला माझं ओझं नको' म्हणाला आणि आयोवातल्या आपल्या गावी येऊन पाण्याचे मीटर वाचू लागला.

"त्या यादीत दुसरा कॅचर कोण असायचा?" लॉनाने विचारलं.

"कुणी नाही. रोज खेळणारा कॅचर मी एकटाच."

"म्हणजे बाकीचे सगळे उभ्याने खेळणारे. उन्हात तीन तास उकिडवं बसल्यावर कुणाच्या पायात जोर राहतो? तुमच्यासारख्यांशीच ताडून बघायला हवं होतं ना."

एल्डन उठला आणि त्याने स्पीकरवर फोन लावला. बास्कम आता वृद्धाश्रमात होता.

"कोच, मला मारता येत होतं का?"

पलीकडून खोकला ऐकू आला. "आता कशाला उकरतोस ते?"

"येत होतं का?"

"येत होतं की. तुझ्यासारखा मारणारा कॅचर शोधून सापडला नसता."

"मग ती यादी?"

"यादी खोटी नव्हती. कॅचरला बॅटीचा माज चढला, की तो खाली बसायला कुरकुरतो. मला बसणारा हवा होता. तू बसलास."

"आणि मी सोडतो म्हणालो, तेव्हा?"

"तेव्हा दुसरा तयार होता."

"तब्येतीला जपा, कोच," एल्डन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"एवढंच?" लॉना फणकारली. "दोन शिव्या तरी घालायच्या."

"एक्क्याण्णव वर्षांचा आहे तो."

तो पुन्हा खुर्चीत बसला. "तुझ्या आईला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "खेळ सोडला त्या साली म्हणाली होती, 'तुम्ही चांगलं मारता हो.' मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं."

लॉनाची आई आर्डिस वारली, त्याला चार वर्षं झाली होती.

"वाच ती नावं," एल्डन म्हणाला. "खालून वर."

ती वाचू लागली. ही सगळी माणसं त्याने हातभर अंतरावरून, पाठीमागे बसून पाहिलेली.

"हा बाहेरचा चेंडू सोडायचाच नाही," तो म्हणायचा. किंवा, "ह्याचा डावा गुडघा गेला होता, पण कुणाला कळू दिलं नाही बिचाऱ्याने." बावीस नावं झाली.

"एल्डन रोझबूम," लॉनाने वाचलं. "हजार पाळ्यांमागे दोनशे एकाहत्तर फटके."

तो थांबला. आठवून पाहत असावा.

"ह्याला मी खेळताना कधी पाहिलं नाही," तो म्हणाला. "पुढचं वाच."