पाहुण्याची उशी

रोगाचं नाव धाकटीच्या तोंडून निघेना. गुदद्वाराचा कॅन्सर. डॉक्टर मात्र कोपराचं दुखणं सांगावं तसं सहज बोलून गेले. बाहेर आल्यावर थोरलीनंच तोड काढली. "आपण त्याला पाहुणा म्हणू, चिमणे. तुझ्या-माझ्यातच." घर येईस्तोवर तिनं ओळीही जुळवल्या:

पाहुणा आला बाई, बसाया जागा नाही,
माझ्याच जागी बसे, उठाया राजी नाही.

धाकटी रडता रडता हसली.

शिवणकामाच्या कारखान्यात तिनं पाठीचं निमित्त सांगून अर्ध्या दिवसाची सवलत घेतली. दिवसभर मशीनवर वाकणारीची पाठ धरली, तर कोण शंका घेणार?

उपचार संशोधनातले होते. काहींना नेहमीचे किरण, काहींना प्रोटॉन. धाकटीला प्रोटॉन मिळाले. "नेहमीचे किरण आरपार जातात," किरण देणाऱ्या मुलीनं समजावलं होतं. "प्रोटॉन सांगाल तिथवर जातो नि थांबतो. त्यानं आजूबाजूला झळ कमी लागते का, तेच आम्ही शोधतोय. म्हणून त्रास होईल तो खराखुरा सांगायचा."

खराखुरा सांगायचा म्हणजे ते शब्द उच्चारायचे. दर आठवड्याला संशोधनाची नर्स काय त्रास होतो ते विचारी, आणि धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करत बसे. उत्तर थोरली देई. "पाहुणा जरा चावतो म्हणते."

"जरा म्हणजे?"

"थोडंसंच हो."

थोडंसं नव्हतं. पण ताईचं बोलणं खोडायचं, तर ते नाव घ्यावं लागलं असतं.

एका दुपारी ती कारखान्यात गेली, तर तिच्या स्टुलावर उशी. उरलेल्या मखमलीची, गोल, मधे भोक, कडेला झालर. शिलाई बघत राहावी अशी.

"बसा, बसा," कापड बेतणारे मास्तर कात्री वाजवत म्हणाले, "पाहुण्यांना मऊ आसन नको?"

मागून बटणवालीनं गुणगुणलं, "माझ्याच जागी बसे, उठाया राजी नाही..." कुणीतरी खुदकन हसलं.

धाकटीच्या हातातला दोरा सुईत जाईना. बटणवाली जवळ आली. "रागावू नको गं. तुझी ताईच येऊन सांगून गेली. म्हणाली, ती लाजते, तुम्हीच सांभाळून घ्या. रडली बिचारी इथं बसून."

धाकटी उशीवर टेकली. उशी खरंच मऊ होती. त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात थोरलीनं नेहमीसारखी पाण्याची बाटली पुढं केली. "पी, चिमणे. किरण घेताना मूत्राशय भरलेलं लागतं. मग आहेच तुझी पळापळ!"

धाकटी हसली नाही. "कारखान्यात गेली होतीस?"

थोरलीचा हात तसाच राहिला. "अगं, एकटीनं किती वाहू मी? मलाही कुणाजवळ तरी मोकळं व्हायचं होतं."

"गाणंसुद्धा?"

"ते... बोलता बोलता गेलं तोंडातून."

एवढ्यात नर्सनं हाक मारली. थोरली सवयीनं उठली.

"तू बाहेर बस, ताई."

"तुला सांगवेल का?"

"बस म्हटलं ना."

थोरली बसली. मांडीवर बाटली, झाकण उघडंच.

आत नर्सनं हसून विचारलं, "काय म्हणतोय पाहुणा?"

"पाहुणा कसला? कॅन्सर आहे तो." आवाज फाटला, तरी धाकटी थांबली नाही. "गुदद्वाराशी कातडी सोलवटलीय. शौचाला बसलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मागच्या खेपेलाही असंच होतं. ताई थोडंसं म्हणाली, ते धरू नका."

नर्सचं हसू मावळलं. "बरं झालं सांगितलंत. आजच डॉक्टरांना दाखवू, मलम देतील," ती म्हणाली आणि आधीचं उत्तर दुरुस्त करायला लागली.

मग डॉक्टरांनी तपासलं, आणि धाकटी टेबलावर आडवी झाली. किरण देणाऱ्या मुलीनं कमरेवरच्या शाईच्या खुणा जुळवल्या. "हलू नका हं. सांगितलंय तिथवरच जाईल तो."

धाकटीनं डोळे मिटले.

"तो तरी ऐकतो," ती म्हणाली.